बोरघाट, फियाट आणि एक गॅस्केट

खोपोली मागे पडली की मुंबई-पुण्याचा जुना रस्ता एकदम मान वर करतो. इथवर कोकणपट्टीच्या सपाटीवरून मजेत आलेली मोटार आता सह्याद्रीच्या अंगावर चढू लागते. खंडाळ्यापर्यंतचे अंतर फारसे नाही, पण तेवढ्यात सुमारे पाचशे मीटरची उंची गाठायची असते. प्रत्येक वळणाबरोबर खालचे खोपोली गाव लहान होत जाते. १९१५ पासून वीज देणाऱ्या टाटांच्या केंद्राकडे डोंगरावरून उतरणारे जाडजूड नळ मात्र बराच वेळ दिसत राहतात. मे महिन्यात रस्त्याच्या कडेला ठाकर-कातकरी बायका पानांच्या द्रोणात करवंदे आणि जांभळे घेऊन बसतात. पावसाळ्यात याच कड्यांवरून शेकडो धबधबे कोसळतात आणि धुक्यात पुढच्या गाडीचा दिवासुद्धा दिसत नाही.

घाट जुना आहे. कार्ले-भाजे येथील लेण्यांकडे पाहिले की बंदरातून देशावर जाणारे व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वीही याच बाजूने चढत होते हे लक्षात येते. चाकाच्या वाहनाला जाता येईल असा रस्ता मात्र १८३० मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात झाला. पुढे १८६३ मध्ये रेल्वेने घाट ओलांडला. त्या कामावर हजारो मजूर दगावले. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. एकाचे नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले, शिंगरोबा धनगराचे. इंग्रज साहेबांना घाटातून वाट सापडेना, ती शिंगरोबाने दाखवली आणि बदल्यात त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे. चालक वेग कमी करतात, नाणे टाकतात, हात जोडतात आणि पुढच्या वळणाला लागतात.

एका पिढीतले मोटारवाले या देवळापाशी थांबत, त्याला मात्र भक्तीखेरीज आणखीही एक कारण होते. इथे येईतो मोटार तापलेली असायची!

सुट्टीतली चढण

साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत मध्यमवर्गीय मराठी घरातली मोटार म्हणजे बहुधा फियाट. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली, पण लोकांनी तिला फियाट म्हणायचे सोडले नाही. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, मग गाडी दारात उभी राहिली की पेढे वाटायचे, हा त्या काळचा रिवाज. साहजिकच मे महिन्याच्या सुट्टीत ती गाडी आजोळी न्यायचीच. पुढे दोघे-तिघे, मागे चार मुले, डिकीत ट्रंक आणि आंब्याची पेटी, टपावर वळकटी. इंजिन होते १०८९ सीसीचे, म्हणजे आजच्या अनेक लहान मोटारींएवढेच, आणि ताकद त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी.

सपाटीवर ही गाडी कधी कुरकुर करीत नसे. घाटात गणित बदलते. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर दुसऱ्यात, प्रसंगी पहिल्यात टाकावा लागतो. इंजिन जोरात फिरते, पेट्रोल जास्त जळते, उष्णता जास्त निर्माण होते. गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने चालते, म्हणून समोरून रेडिएटरवर वारा येत नाही. पुढे माल भरलेला ट्रक असला तर त्याचा धूरच तेवढा येतो. पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि पाण्याचा पंप आपल्या परीने झगडत असतात. पट्टा सैल असेल, रेडिएटरच्या नळ्यांत वर्षानुवर्षांचा क्षार आणि गंज बसला असेल किंवा रबरी होज पाइपातून थेंब थेंब पाणी गळत असेल, तर खोपोलीपर्यंत झाकून राहिलेला दोष शिंगरोबापाशी उघडा पडतो.

काटा लाल रेघेकडे सरकू लागला की गाडी बाजूला घ्यावी, हे सगळ्यांना माहीत असते. पण कर्त्या पुरुषाला वाटते, आता दोनच वळणे राहिली, खंडाळा आलाच. शेजारी बसलेल्या बाई दोनदा सांगतात, ‘‘अहो, थांबा ना जरा.’’ ते थांबत नाहीत. या एका हट्टापायी घाटात जितकी इंजिने बिघडली असतील, तितकी खड्ड्यांनीही बिघडवली नसतील.

कुकरमधले तेच गॅस्केट

हट्टाची किंमत नेमकी कोण मोजते, हे समजायला स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर डोळ्यांसमोर आणावा. झाकण आणि भांडे यांच्यामध्ये रबराचे कडे असते. ते कडक झाले, चिरले की वाफ बाजूने निसटते, शिटी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. मोटारीच्या इंजिनातही असेच आहे. खाली बिडाचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात. त्यात चार सिलिंडर. वर झाकणासारखे बसणारे हेड. या दोहोंच्या मध्ये पत्र्याएवढे पातळ, भोकाभोकांचे एक पान घट्ट दाबून बसवलेले असते, तेच हेड गॅस्केट.

कुकरच्या कड्याला एकट्या वाफेला अडवायचे असते. या पानाला एकाच वेळी तीन कामे आहेत. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका होतो तेव्हा ज्वालेचे तापमान दोन हजार अंशांच्या आसपास जाते; तो जाळ आणि दाब आतच ठेवायचा. शेजारच्या भोकांतून इंजिन थंड ठेवणारे पाणी वर-खाली फिरते, ते वेगळे ठेवायचे. आणखी एका वाटेने ऑइल जाते, ते पाण्यात मिसळू द्यायचे नाही. आग, पाणी आणि तेल यांना बोटभर अंतरावर शेजारी नांदवणारी ही भिंत जाडीने जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर!

फियाटच्या बाबतीत आणखी एक मेख होती. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. रोजच्या वापरात गॅस्केट ही ओढाताण सहन करते. पाणी आटून इंजिन भलतेच तापले की हेड किंचित वाकते, कागदाच्या जाडीएवढेच, पण तेवढे पुरते. अँबेसेडरचे हेड बिडाचे असल्याने ते इतक्या लवकर वाकत नसे. म्हणून २०१४ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत अँबेसेडरवाले फियाटवाल्यांना थोडे हिणवीत. त्यांचीही गॅस्केटे उडत, पण ते सांगत नसत.

गॅस्केट गेल्याची चिन्हे निरनिराळी असतात. ते कुठे फाटले त्यावर अवलंबून. दोन सिलिंडरांच्या मधोमध फाटले तर इंजिन लंगडते, चढावर दमच उरत नाही. पाण्याच्या वाटेपाशी फाटले तर सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते, सकाळच्या गारव्यात दिसते तशी क्षणभर नव्हे, सतत. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात. आणि ऑइल भरायचे झाकण उघडले की आत दुधाळ कॉफीसारखा लगदा दिसतो. केवळ झाकणाला थोडा पांढरा थर असेल तर तो दमट हवेनेही येतो. पण तपासायच्या दांडीवरचे ऑइलच दुधाळ झाले असेल तर गाडी एक पाऊलही पुढे नेऊ नये. पाणी मिसळलेले ऑइल आतल्या बेअरिंगांचे रक्षण करीत नाही. थोडक्या पैशांत येणारा भाग वाचवण्याच्या नादात अख्खे इंजिन जाते.

त्याहून वाईट म्हणजे माणूस भाजतो. रेडिएटरचे झाकणही कुकरसारखेच दाब धरून असते. दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. झाकण फिरवले की दाब सुटतो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर उडते. लोणावळ्याच्या उंचीवर तर उघड्या भांड्यातले पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून घाटात गाडी उभी करून, बॉनेट उघडून, किमान अर्धा तास करवंदे खात बसणे हाच शहाणपणा. झाकण हाताला गार लागल्यावर, जाड फडक्याने धरून, सावकाश उघडावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणे हा दुसरा घात. त्याने हेडला तडा जातो.

अंगणातले दोन रविवार

घाटात गॅस्केट गेलेली फियाट दोर बांधून लोणावळ्याला किंवा खोपोलीला आणायची, मंडळींना रेल्वेने किंवा एस.टी.ने पुढे पाठवायचे आणि गाडी ट्रकमागे बांधून घरी न्यायची, हा क्रम ठरलेला. पुण्यातल्या वाड्याच्या चौकात, मुंबईच्या सोसायटीच्या आवारात, नाशिकला बंगल्याच्या पोर्चमध्ये मग हे काम निघे. ओळखीचा मिस्त्री रविवारी येई. ज्यांना हाताला काळे लागण्याची लाज नव्हती ते स्वतःच करीत. सुटे भाग आणायला पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला. ज्या वस्तू दुकानात मिळत नसत त्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळत.

हे घरी करता येण्यासारखे होते याचे कारण त्या इंजिनाची साधी घडण. बॉनेट उघडले की सारे डोळ्यांसमोर, हात घालायला ऐसपैस जागा. आजच्या मोटारीत टायमिंग बेल्ट वा साखळीची एखादी खूण चुकली तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पुष्कळ गाड्यांत हेडचे बोल्ट ताणून बसवण्याचे असतात आणि एकदा काढले की पुन्हा वापरता येत नाहीत. तिथे हौसेचे काम नाही.

पद्मिनीत सुरुवात होते ती बॅटरीची तार सोडण्यापासून. पेट्रोलची नळी सुटणार, ठिणगी नको. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी काढायचे. मग एअर क्लीनर, कार्ब्युरेटर, होज पाइप, मॅनिफोल्ड अशी एकेक वस्तू उतरते. या कामातली खरी अडचण ताकदीची नाही, आठवणीची असते. कोणता नट कुठला? शहाणे लोक प्रत्येक भागाचे नट वेगळ्या डब्यात ठेवतात, आणि घरातले लाडवांचे, चिवड्याचे डबे या कामी गडप होतात. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या आठ पुशरॉड तर जागा बदलून चालतच नाहीत, कारण प्रत्येक दांडी आपल्या जोडीदाराबरोबर झिजलेली असते. त्यासाठी बुटांच्या खोक्याला आठ भोके पाडून, आकडे घालून, त्यात त्या उभ्या खोचायच्या. हे काम घरातल्या आठवी-नववीतल्या मुलीकडे द्यावे. ती बापापेक्षा नीट करते.

हेडचे नट सोडताना घाई करू नये. कडेपासून सुरू करून मध्याकडे, थोडे थोडे ढिले करीत जायचे, म्हणजे हेड वाकत नाही. मग दोघांनी मिळून ते सरळ वर उचलायचे. चिकटले असेल तर मध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नये. मऊ अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवे गॅस्केटही तिथूनच गळणार. लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकले की सुटते.

जुने गॅस्केट हातात आले की घाटातली सगळी हकीकत त्यावर लिहिलेली दिसते. दोन सिलिंडरांच्या मधली अरुंद पट्टी काळी पडून जळालेली, किंवा पाण्याच्या भोकापासून सिलिंडरपर्यंत गंजाची बारीक वाट. ते सगळ्यांनी हातात घेऊन पाहण्याची मोठी हौस असते, पण एक सावधगिरी त्या काळी कुणी घेत नसे ती आज घ्यायलाच हवी. जुन्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. म्हणून चिकटलेले तुकडे कोरडे खरवडू नयेत, पॉलिश पेपरने घासू नयेत. ओले करून सावकाश काढावेत, तोंडावर चांगला मास्क असावा, मुलांना लांब ठेवावे आणि तो कचरा पिशवीत बंद करावा.

यानंतर येते ती सगळ्यांत महत्त्वाची पायरी, आणि पुष्कळ जण तीच गाळतात. पोलादी सरळपट्टी हेडच्या तळावर आडवी, उभी, तिरपी धरायची आणि खालून फीलर गेजचे पातळ पाते सरकते का ते पाहायचे. मिलिमीटरचा दहावा भाग एवढे पाते आत गेले तर हेड वाकले आहे असे समजावे. ते वर्कशॉपमध्ये नेऊन फेसिंग करून, म्हणजे तळ घासून सपाट करून आणावे. हे टाळून नुसते नवे गॅस्केट घातले की पुढच्या सुट्टीत पुन्हा शिंगरोबा!

याच कारणाने काम एका रविवारचे राहत नाही. मधला आठवडा हेड वर्कशॉपमध्ये आणि उघडे इंजिन जुन्या चादरीखाली. येणारा-जाणारा चादर उचलून पाहतो आणि सल्ला देतो. कुणी म्हणतो, गॅस्केटला दोन्ही बाजूंनी चिकट सोल्यूशन लावा. कुणी म्हणतो, थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी गार राहील. बनवणाऱ्याने सांगितले नसेल तर दोन्ही गोष्टी करू नयेत. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा घालावा. तो काढून टाकला की रोजच्या धावण्यात इंजिन हवे तेवढे तापतच नाही, झीज होते, आणि मूळ दोष मात्र तसाच राहतो. त्या रिकाम्या आठवड्यात रेडिएटर सोलून-धुऊन आणणे, होज पाइप आणि पंख्याचा पट्टा बदलणे, पंपाचा खुळखुळाट तपासणे ही कामे उरकून घ्यावीत. गॅस्केट स्वतःहून क्वचितच जाते. त्याला कुणीतरी घालवलेले असते, आणि तो गुन्हेगार बहुधा रेडिएटरच्या आसपास सापडतो.

दुसऱ्या रविवारी जोडणी. ब्लॉकचा माथा आणि हेडचा तळ फडक्याने पुसून कोरडे. गॅस्केटवर वरची बाजू लिहिलेली असते, ती वरच ठेवायची. उलटे घातले तर पाण्याचे किंवा ऑइलचे भोक बंद होते. हेड सरळ खाली बसवायचे. आता नट आवळण्याचा क्रम सोडण्याच्या नेमका उलटा, मध्यापासून सुरू करून गोलाकार बाहेर. एका दमात नाही, तीन फेऱ्यांत, आणि शेवटची फेरी टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत. ‘माझ्या हाताला अंदाज आहे’ असे म्हणणारा मिस्त्री खरोखरच अंदाजाचा पक्का असतो, पण टॉर्क रेंच मागून आणावा. सगळ्या नटांचा दाब सारखा हवा, आणि सारखेपणा हाताला कळणे कठीण. मग पुशरॉड आपापल्या जागी, टॅपेटचे अंतर फीलर गेजने मोजून, नवे ऑइल, नवे पाणी. पाण्याऐवजी कुलंट घालणे केव्हाही बरे. ते गंज धरू देत नाही आणि उकळतेही उशिरा.

मग किल्ली. पहिल्या दोन-तीन वेळा नुसतेच घरघरते. कुणी काही बोलत नाही. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल पोचले की एकदम इंजिन धरते, निळसर धूर येतो, मॅनिफोल्डवर सांडलेल्या ऑइलचा वास चौकभर पसरतो. पाच मिनिटांनी रेडिएटरमध्ये डोकवायचे. बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधून वाफ नाही, काटा मध्यावर. आतून चहा येतो.

घाट आजचा

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. घाटातल्या काही भागात जुनी आणि नवी वाहतूक त्यानंतरही एकाच वाटेने चालत राहिली, पण बोगद्यांतून आणि रुंद वळणांवरून आजची मोटार गाणी ऐकत चढते. खंडाळ्याजवळचा ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल, ज्याखालून जाताना मुले हमखास ओरडत, तो एप्रिल २०२० मध्ये स्फोट करून पाडला गेला. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सीही नाहीत. पण तापण्याचा नियम बदललेला नाही. मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी घाटात वाहनांची रांग लागते, एसी चालू असतात, गाड्या इंचाइंचाने सरकतात, आणि एखादी नवी कोरी मोटार बॉनेट उघडून कडेला उभी दिसते. काट्याच्या जागी लाल दिवा आला आहे, एवढाच फरक. त्या दिव्याचा अर्थ मात्र जुनाच आहे. पुढच्या वळणावर नाही, इथेच थांबा.

ज्यांनी हौसेने पद्मिनी जपली आहे ते पहाटे लवकर निघतात आणि द्रुतगती मार्ग टाळून शिंगरोबाच्या रस्त्याने चढतात. नवे गॅस्केट घातल्यानंतरची पहिली चढण असेल तर ते आणखी एक काम विसरत नाहीत. जुन्या प्रकारचे गॅस्केट उष्णतेने थोडे बसते, नट किंचित ढिले पडतात. म्हणून काही शे किलोमीटर झाले की, रात्रभर उभ्या असलेल्या थंडगार इंजिनाचे नट, त्याच क्रमाने, त्याच आकड्यापर्यंत पुन्हा एकदा आवळायचे आणि टॅपेटही पुन्हा मोजायचे. अर्ध्या तासाचे काम. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी.